मुकं औषध

दाजींचा दमा कशानेच हटेना, तेव्हा त्यांच्या बायकोने, अनसूयेने, गावामागच्या कातळी सड्यावरच्या तीनधारी निवडुंगाचं औषध करायचं ठरवलं. त्याचा नेम कडक. कांडं घरधनिणीनेच तोडायचं, आणि तोडल्यापासून रस दुखणाइताच्या तोंडात पडेपर्यंत कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोललं की गुण गेला.

"तू आणि गप्प राहणार?" धापा टाकत दाजी हसले. "मग मी बरा झालोच म्हणायचा!"

रविवारी उजाडता उजाडता ती सड्यावर पोचली. देवाचं नाव घेऊन कांडं तोडलं. काटे बोटांत रुतले तरी "आई गं" म्हणाली नाही. परतीच्या वाटेवर कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. दाजींचाच फोन. 'माझी परीक्षा बघतायत, दुसरं काय,' असं मनाशी म्हणत ती ओठ मिटून चालत राहिली. फोन वाजून वाजून थांबला.

अंगणात माणसं जमली होती. शेजारची विमल धावत पुढे आली. "वयनी, दाजी गेले वो! श्वास कोंडला तसा तुम्हालाच फोन लावीत होते."

अनसूया सरळ चुलीपाशी गेली, कांडं भाजलं, रस पिळला, त्यात मध कालवला. बायका कुजबुजल्या, "बघा तरी, काळीज हाय की कातळ!"



तिने दाजींचे ओठ उघडून चमचाभर रस आत सोडला, आणि मगच हंबरडा फोडला.