दोघांची एकच साक्ष

कापड रंगवायच्या टाकीतलं उकळतं पाणी अंगावर उडून कामगार भालेराव दवाखान्यात पोचला होता आणि मॅनेजर त्याला कामावरून काढायला निघाले होते.

"टाकी तापवणारा कंट्रोलर चाळीस अंश दाखवतोय. जास्त तापली तर बंद करणाराही चाळीसच. दोन्ही यंत्रं एकदम खोटं बोलतील? झाकण त्यानंच निष्काळजीपणे उघडलं."

"दोघांना सेन्सर एकच जोडलाय, साहेब. तो बिघडला की दोघंही फसतात," मेंटेनन्सची अस्मा कडाडली. "दुसरा मागितला तेव्हा 'कशाला हवा?' कोण म्हणालं?"

"उगाच शहाणपणा नको, बाई."

तिनं तारेसकट सेन्सर टाकीतून उपसला आणि शेजारी शेगडीवर रंग कालवायला ठेवलेल्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवला. दोन्ही पडद्यांवरचे चाळीस हलले नाहीत.

"दोघं चाळीसच म्हणतायत. घाला हात!"

मॅनेजरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.