ब्रुनोच्या माश्या

“फिरव, ब्रुनो, फिरव! काठीचं टोक पाण्यात घाल आणि फिरव!”

हॅल्वरने वल्ही सोडली आणि होडीत अर्धवट उभा राहिला. ब्रुनोने गळावर पिसं बांधून केलेल्या खोट्या माशीमागून एक लांबलचक सावली थेट होडीपाशी आली होती. अंगावर वाघासारखे पट्टे. टायगर मस्की मासाच! ब्रुनोने गळाची काठी गोल फिरवली, पण अगदी निवांत, चुलीवरचं सूप ढवळावं तशी. सावली क्षणभर थबकली आणि खाली बुडाली.

“गेला,” ब्रुनो म्हणाला.

“गेला काय, घालवलास लेका! हा मासा दाराशी येऊन बघतो आणि तू त्याला झोपवतोस!”

“ओरडू नकोस. उरलेलेही पळतील.”

हॅल्वरने कपाळाला हात लावला आणि पुन्हा वल्ही धरली. आज तरी असं व्हायला नको होतं. उद्या सकाळी ब्रुनोची मुलगी त्याला ॲरिझोनाला घेऊन जाणार होती, वाळवंटात, कायमचा. ब्रुनोच्या गुडघ्यांना विस्कॉन्सिनची थंडी सोसत नव्हती. म्हणजे फ्लॅम्बो नदीवरचा त्याचा हा शेवटचा दिवस, आणि इतक्या वर्षांत त्याला एकही टायगर मस्की मिळाला नव्हता. नुसत्या हुलकावण्या.

हे खूळ सुरू झालं ते इंगा गेली त्या वर्षी. बायकोला पुरून आल्यावर हॅल्वरने पडदे ओढले ते उघडलेच नाहीत. कोंबड्यासुद्धा शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. अशात एका शनिवारी ब्रुनो काठी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, “मरायच्या आधी एक टायगर मस्की पकडायचाय, तोही पिसांच्या माशीवर. नदी तुला ठाऊक आहे. होडी चालव माझी.”

हॅल्वरला तेव्हा कुणाचं तोंड बघायची इच्छा नव्हती. पण ब्रुनो पायरीवरून हलेचना. शेवटी वैतागून हॅल्वर म्हणाला, “एक मासा मिळेपर्यंत. मिळाला की माझी सुटका!”

“कबूल,” ब्रुनो म्हणाला आणि इंगाच्या टोपलीतली उरलेली नारंगी लोकर मागून घेतली. पहिली माशी त्याने त्या लोकरीची बांधली.

आणि मग सुटका झालीच नाही. दर शनिवारी नदी. नदी गोठली की ब्रुनोच्या तळघरात शेगडीजवळ बसून माश्या बांधणं, म्हणजे बांधायचा ब्रुनो आणि नावं ठेवायचा हॅल्वर. आपल्या माशीला कुणाला हात लावू द्यायचा नाही हा ब्रुनोचा हट्ट. “दुसऱ्याचा हात लागला की माशीचं नशीब जातं,” म्हणायचा. कसलं नशीब नि कसलं काय! मासे यायचे, तोंड मारायचे आणि सुटायचे. शुक्रवारी तळलेला मासा खायला गेलं की गुत्त्याची मालकीण डॉटी ब्रँडी ओतता ओतता विचारायची, “काय ब्रुनो, आज किती जणांना सोडून दिलंस?” मग हॅल्वरकडे वळून म्हणायची, “तू मात्र स्वर्गात जाणार. असा मित्र कुणाला मिळतो!”

हॅल्वरला ते मनातून पटायचं. या बिचाऱ्यासाठी आपण काय काय केलं! होडीला नवा रंग दिला, वल्ही तासली, नदीची खोड नि खोड पाठ केली. सगळं ब्रुनोसाठी.

उन्हं कलली. पाण्यात पडलेल्या झाडाच्या आडोशाला हॅल्वरने होडी धरली.

“इथे टाक. आणि मासा आला तर माझ्यासाठी तरी हिसका दे रे.”

“हॅल्वर, मी गेल्यावर तू काय करणार?”

“झोपेन! शनिवारी उशिरापर्यंत झोपेन.”

“घरात बसून राहू नकोस.”

“अरे, माशी टाक आधी!”

ब्रुनोने टाकली. माशी दोनदा सरकली आणि पाणी फुटलं. मासा आडवा आला, पांढरं पोट चमकलं, काठी कमानीसारखी वाकली. हॅल्वरच्या तोंडून किंकाळी निघाली. जाळं उचलताना तो पडता पडता वाचला. “ओढ! ओढ रे, आता सोडू नकोस!” माशाने दोन हिसडे दिले, जबडा उघडला आणि माशी थुंकून टाकली. काठी सरळ झाली.

हॅल्वर मटकन बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

“गळ बोथट असणार. दाखव मला. मी दर वेळी सांगतो, टोक घासून देतो, पण तू ऐकशील तर!”

ब्रुनोने माशी मुठीत घेतली आणि डब्यात टाकली. “चांगला होता रे मासा,” तो म्हणाला. “काय पट्टे होते!” आणि चक्क हसला.

किनाऱ्यावर ब्रुनोला घरी न्यायला त्याची मुलगी गाडी घेऊन थांबली होती. ब्रुनोने पत्र्याचा डबा हॅल्वरच्या हातात दिला.

“हा तुला. आता लाव हवा तितका हात.”

“आणि होडी कोण चालवणार?”

“शोध कुणीतरी. नदीत मासे आहेत, माणसंही असतील.”

दोघांनी मिठी मारली. हॅल्वर म्हणाला, “तुला एक मासा मिळवून देता आला नाही मला.” ब्रुनोने त्याची पाठ थोपटली आणि तो गाडीत बसला.

घरी येऊन हॅल्वरने खिडकीपाशी, उजेडात डबा उघडला. गळांना धार लावायला कानस शेजारी ठेवली. वरची माशी अजून ओली होती. त्याने ती उलटी केली, पिसं बाजूला सारली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गळाची नुसती दांडी होती. पुढचं वळण कापून काढलेलं आणि कड माशाला बोचू नये म्हणून घासून गुळगुळीत केलेली.

दुसरीही तशीच. तिसरीही.

तळाशी पहिल्या वर्षीची माशी होती, इंगाच्या नारंगी लोकरीची. ती त्याने बराच वेळ तळहातावर धरून ठेवली. मग उलटी केली. तिचाही गळ कापलेला होता, आणि कापलेल्या जागेवर जुना गंज चढला होता.