निळी ठिणगी

"सहा महिने शिकवतोय. एवढ्यात माकडसुद्धा पाना धरायला शिकलं असतं," वैजनाथराव पुटपुटले. शालनला ऐकू जाईल, इतक्याच हळू.

"मग माकडच ठेवायचं होतं," बॉनेटखालून तिचा आवाज आला. "त्याला आधी स्वयंपाक तरी उरकावा लागत नाही."

खडकीतल्या त्यांच्या घरापुढे, पत्र्याच्या शेडखाली, जुनी फियाट उभी होती. निवृत्त झाल्यावर वैजनाथरावांनी ती भंगारवाल्याच्या दारातून ओढून आणली होती. एकतीस वर्षं त्यांनी दारूगोळा कारखान्याचा ट्रक चालवला. मागे तान्ही बाळं झोपली असावीत, इतक्या हलक्या पायानं ब्रेक दाबायचे. फियाट स्वतःच्या हातानं उभी करायची, असं ठरलं होतं. मग एकाएकी त्यांची कंबर धरली. ते स्टुलावर बसले आणि पाना शालनच्या हातात आला. तिला तोवर फक्त शिलाई मशीनला तेल घालता येत होतं.

कंबर ठणठणीत होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. दुखणं काचबिंदूचं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात त्याला 'डोळ्याचं जरा' म्हणत. वैजनाथरावांनी पाणी पेल्याबाहेर ओतलं की लेक स्पृहा फडक्यानं पुसत म्हणायची, "हे काचेचे पेले मलाही दिसत नाहीत, बाबा." एकदा त्यांनी कव्हर घातलेल्या बुलेटला विचारलं, "काय गेनबा, उन्हात का उभे?" खरे गेनबा पलीकडच्या ओट्यावर बसून दाढी करत होते. त्यांनी तिथूनच, तोंडाला साबण असतानाच उत्तर दिलं, "सहज हो."

गाडी चालवू नका, एवढं मात्र त्यांना कोणी सांगत नव्हतं. शालन म्हणायची, स्पृहानं सांगावं, तिचं ते ऐकतात. स्पृहा म्हणायची, तू बायको आहेस.

आणि इकडे गाडी दुरुस्त होत चालली होती, ही खरी पंचाईत. शालनला चटक लागली होती. प्लग घासायचे, कार्बोरेटर पेट्रोलनं धुवायचा, तेल बदलायचं. वैजनाथराव जुनं तेल हुंगून त्याचं वय सांगत. पट्टा सैल आहे, हे आवाजावरून ओळखत. निवृत्तीनंतर घुम्यासारखा बसणारा माणूस सकाळी सातपासून बोलायला लागला होता. पण गाडी एकदा सुरू झाली की तो ती चालवणार होता. लोणी काळभोरच्या बहिणीला, वेणूबाईला, फोनही झाला होता. "नातवाच्या बारशाला फियाट घेऊन येतो. मी स्वतः. अंगणात जागा ठेव." वाटेत सोलापूर रस्ता होता, कंटेनर आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. लायसन्स तिच्याकडेही होतं. वैजनाथरावांनीच हौसेनं काढायला लावलं होतं, आणि त्यानंतर एकदाही स्टीअरिंगला हात लावू दिला नव्हता.

म्हणून रोजचं काम संपलं की ती डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतला रोटर काढून घ्यायची. अंगठ्याएवढा तुकडा, वर पितळेची पट्टी. तो नसला की इंजिन नुसतं फिरतं, ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून जुने ड्रायव्हर असं करत, हे तिला वैजनाथरावांनीच शिकवलं होतं. रोटर धुऊन पुसून ती मिसळणाच्या डब्यात ठेवायची. मोहरीच्या वाटीत, तळाशी.

आज बारसं होतं. वैजनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसले होते. स्पृहा चावी फिरवायला आत बसली.

"रिक्षा बोलवू का?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"चावी फिरव."

इंजिन घरघरलं. खोकलंसुद्धा नाही.

"एक प्लग काढ, वायरीला लाव, इंजिनाला टेकव," वैजनाथराव म्हणाले. "स्पृहा, फिरव परत. शालन, ठिणगी पडतेय?"

"पडतेय."

"पिवळी की निळी?"

"निळी."

"वा!" वैजनाथराव म्हणाले. "रोटर नसताना निळी."

शालनच्या हातात प्लग तसाच राहिला.

"परवा तू मंडईत गेलीस, तेव्हा पोहे करायला घेतले. मोहरीची चिमूट घ्यायला गेलो, तर पितळ हाताला लागलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

ती आत गेली. रोटर घेऊन आली, फुंकर मारून मोहरी उडवली, रोटर बसवला, झाकण लावलं, प्लग जागच्या जागी आवळला. स्पृहानं चावी फिरवली. दोनदा ठसका लागून फियाट सुरू झाली. ओट्यावरून गेनबांनी टाळ्या वाजवल्या.

स्पृहा उतरून मागच्या सीटवर गेली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडंच राहिलं.

वैजनाथराव उठले. बॉनेटवरून हात सरकवत उघड्या दाराशी आले. आत वाकून स्टीअरिंगवर एकदा तळवा ठेवला. मग तसेच मागे फिरले, हातानं गाडी चाचपत पुढून वळसा घालून डाव्या दाराशी गेले.

"त्या दिवशी बुलेटचा आवाज ओट्यावरून आला ना, गेनबा, तेव्हाच समजलो सगळे मला सांभाळून घेताय," ते म्हणाले. मग टपावरून शालनच्या दिशेनं तोंड केलं. "बस. तू चालव. मला दिसत नाही."