विजयच्या जागी मशीन

"विजय, त्याला सांग, मिरची ओली आलीय," प्रतापराव म्हणाले.

"धाकटे मालक, मिरची ओली आलीय," विजय म्हणाला.

हिम्मतराव चार हातांवर बसले होते. भावाचं बोलणं त्यांना आधीच ऐकू आलं होतं. तरी विजयचं बोलून होईपर्यंत ते थांबले आणि मग दचकले.

"ओली? मोठ्याला म्हणावं, डोळे दाखव जरा डॉक्टरला."

विजयने सांगितलं. फक्त 'दाखव'चं 'दाखवा' केलं.

पुण्याहून आलेला कौस्तुभ समोरच्या पोत्यावर बसून हे बघत होता. बेगम बाजारातल्या त्या मसाल्याच्या दुकानात दोन सख्ख्या भावांचा अबोला अकरा वर्षं चालू होता. दुकान मात्र उत्तम चालू होतं. त्यांच्या वडिलांनी नऊ वर्षं वाट बघून टेलिफोन मिळवला. तो कोणाच्या टेबलावर ठेवायचा यावरून भाऊ भांडले. शेवटी फोन मधल्या टेबलावर, मुनीम विजयकडे गेला, आणि त्याच्या मागोमाग भावांचं बोलणंही तिकडेच गेलं. पुढे देशात सगळं खुलं झालं. फॅक्स आला, कॉम्प्युटर आला, ईमेल आला. सगळं मधल्या टेबलावर. विजय प्रत्येक ईमेल दोनदा वाचायचा, एकदा डावीकडे तोंड करून आणि एकदा उजवीकडे.

आता विजय कायमचा नांदेडला, मुलीकडे निघाला होता. म्हणून कौस्तुभला बोलावणं आलं.

कौस्तुभच्या कंपनीने काचीगुड्याला ऑफिस थाटल्यापासून तिथून फोनची एकही सिस्टिम खपली नव्हती. ही खपली नाही तर ऑफिस बंद आणि कौस्तुभ पुण्यात, मामाच्या पिठाच्या गिरणीत. मामाने त्याच्या मापाचा ॲप्रन शिवूनही ठेवला होता.

"टेबलावरचा फोन, मोबाइल, ईमेल, एसेमेस, सगळं एकत्र," कौस्तुभ म्हणाला. "त्यांना निरोप द्यायचाय? बटण दाबा आणि बोला. निरोप मशीनमध्ये साठतो. ते सवडीने ऐकतील."

"म्हणजे त्याच्याशी बोलावं लागत नाही?" प्रतापरावांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"विजय, त्याला विचार, घ्यायचं का."

"हौ म्हणतात," हिम्मतरावांनी तोंड उघडायच्या आधीच विजय म्हणाला. त्याची गाडी शनिवारची होती.

शुक्रवारी जोडणी झाली. पसंत पडली की सही, असं ठरलं. कौस्तुभने उत्साहाच्या भरात माहितीपत्रकातली प्रत्येक सोय चालू करून टाकली. त्यात माणसाला शोधून काढायचीही एक सोय होती. टेबलावरचा फोन उचलला नाही तर मोबाइलवर, तिथे नाही तर घरी. ती चालू असली की निरोप साठत नाही, फोन थेट माणसाला लागतो, हे कौस्तुभच्या लक्षात राहिलं नाही.

प्रतापरावांनी घसा साफ करून बटण दाबलं. हिम्मतरावांच्या टेबलावरचा नवा फोन वाजला.

"हे कायकू वाजायलंय?" म्हणत त्यांनी तो सवयीने विजयकडे सरकवला. फोन गप्प झाला आणि त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. नंबर अनोळखी. गिऱ्हाईक समजून त्यांनी तो उचलला.

"हॅलो?"

"हॅलो," प्रतापराव म्हणाले.

दोघेही समोर बघत राहिले. फोन कोणी ठेवेना. जो ठेवील तो हरला. त्या दिवसांत मोबाइलवर आलेला फोन ऐकायलाही पैसे पडत. हिम्मतरावांनी तरी कानापासून काढला नाही. दुकानातली गिऱ्हाइकं खरेदी सोडून जवळ सरकली. कौस्तुभला पिठाचा वास यायला लागला.

"मिरची ओली होती," प्रतापराव फोनमध्ये म्हणाले.

"नव्हती."

"नव्हती म्हणतात," विजय म्हणाला.

"मधे बोलू नको!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

विजय उठला, चपला घातल्या आणि नोकरीत पहिल्यांदाच भर दुपारी घरी गेला.

दुकान बंद होईपर्यंत तो फोन चालू होता. भांडण मिरचीवरून धण्यावर गेलं, धण्यावरून बहिणीच्या, भामाच्या लग्नात कोण जेवलं नाही त्यावर गेलं, आणि तिथून वडिलांच्या छत्रीवर.

सोमवारी कौस्तुभ सही घ्यायला आला तर दुकानात सुतार ठोकाठोक करत होते. मधलं टेबल गायब. त्या जागी जमिनीपासून छतापर्यंत फळ्यांची भिंत. विजय बाहेर पोत्यावर बसून चहा पीत होता.

"काका, तुमची गाडी?"

"सोडली. म्हटलं वाटणी बघूनच जावं. अकरा वर्षं अडली होती बिचारी."

"का?"

"वाटणी करायची तर आधी नीट भांडावं लागतं. ते काय माझ्यामार्फत होतंय?"

दोन दुकानं. आता कोण कोणाला निरोप देणार? कौस्तुभने मनातल्या मनात ॲप्रनची गाठ बांधली.

"ओ पुणेकर, इकडे या," डावीकडून प्रतापरावांनी हाक मारली आणि आवाज एकदम खाली आणला. "मला एक सिस्टिम वेगळी पाहिजे. तिकडून फोन आला, की दुकानात, घरी, मोबाइलवर, सगळीकडे वाजला पाहिजे. चुकायला नक्को."

उजवीकडे हिम्मतरावांनाही एक वेगळी हवी होती. अट तीच, आवाजही तेवढाच खाली.

दोन सह्या खिशात पडल्यावर कौस्तुभने गप्प बसायला हवं होतं. पण आनंदाने त्याची जीभ सैल झाली.

"धाकटे मालक, फळी तर एवढीशी पातळ आहे. नुसती हाक मारलीत तरी मोठ्या मालकांना ऐकू जाईल."

हिम्मतरावांना त्याची कीव आली.

"हाक कशी मारणार, बाबा? अबोला आहे ना आमचा."