चादरीखालचा पेंढा

साईनाथने आयुष्यभर खुनाची नाटकं लिहिली. मुंबईत त्याला कुत्रं विचारत नव्हतं, पण शहापूर-मुरबाडच्या जत्रांत त्याच्या नाटकाला बायामाणसं किंचाळायची. तालमीत मात्र प्रेत होऊन झोपायला कोणी तयार नसायचं, म्हणून प्रयोगापर्यंत चादरीखाली भाताचा पेंढा ठेवायची रीत होती.

त्या दुपारी किन्हवलीच्या शाळेत तालीम चालू असताना ती चादर हलली. वर आली, खाली गेली.

"पेंढ्यात कोण घुसलाय रे?" साईनाथ खेकसला.

"आमी सगळी इथंच हाव, काका," कुणाली म्हणाली. "पंखा पण चालू नाय."

दोन आखूड श्वास, मग एक लांब. साईनाथने ती लय ओळखली. शहापूरच्या दवाखान्यात त्याची बायको रंभा असाच श्वास घेत होती. "आज नका ना जाऊ," असं ती सकाळी म्हणाली, तरी हा तालमीला निघून आला होता.

"विपुल, पुढचं वाक्य बोलू नको!"

नाटकात इन्स्पेक्टर झालेल्या विपुलला काकांची थट्टाच वाटली. चादरीवर वाकून तो ऐटीत म्हणाला, "संपलं सगळं. बाई मेली."

चादर खाली गेली. ती पुन्हा वर यायची सगळे वाट बघत राहिले.