आईची हलकी गाडी

दार आतून ओढायला हँडलच नव्हतं. एक लाल कापडी पट्टा लोंबत होता. मुलाने तो ओढला आणि डब्याचं झाकण लागावं तसं दार लागलं.

“झालं का बसून?” आईने विचारलं.

बसणं कसलं? गुडघे छातीशी आले होते. पायाखाली नुसता रंगवलेला पत्रा. एसी नाही, रेडिओ नाही, मागची सीट तर नाहीच. काच खाली करायची तर हाताने दांडा फिरवायचा. वजन कमी राहावं म्हणून बनवणाऱ्यांनी काढता येईल ते सगळं काढून टाकलं होतं आणि उरलं त्याला स्पोर्ट्‌स कार म्हणून विकलं होतं. विकत घेतली कुणी, तर जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेल्या त्याच्या आईने. आणि कशासाठी, तर भाजी आणायला, दवाखान्यात जायला, बहिणीकडे जाऊन गप्पा छाटायला.

मुलगा विमा कंपनीत होता. अपघात झालेल्या गाड्या तपासणं हे त्याचं काम. दिवसभर चेपलेले पत्रे आणि फुटलेल्या काचा पाहायच्या आणि घरी येऊन पोटभर जेवायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण आईने ही गाडी घेतल्यापासून त्याचा घास घशात अडकू लागला. प्रत्येक चेंदामेंदा झालेल्या गाडीत त्याला तीच दिसायची. फोन वाजला की आधी काळजात धस्स व्हायचं, मग कुणाचा आहे ते कळायचं.

“अरे, आईंनी बसचं एवढं मोठं धूड चालवलंय,” बायको समजावायची. “ही तर खेळण्यातली गाडी.”

“खेळण्यातली आहे म्हणूनच तर!” तो ओरडायचा.

आज तो ठरवूनच आला होता. गाडीत बसण्याआधी, चहा अर्धा टाकून तो म्हणाला होता, “आई, ही परत कर. चांगली चार दारांची, जाड पत्र्याची घेऊ. हे काय वय आहे का तुझं सुसाट सुटायचं?”

आईने शांतपणे कप विसळले. हात पुसले. “एक फेरी मारू. त्यानंतरही परत कर म्हणालास, तर उद्या देऊन टाकते. शब्द आहे माझा.”

इंजिन सुरू झालं आणि अख्खी गाडी थरथरू लागली. तो आवाज पायांतून थेट दाढांत जात होता. रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्याच्या पाठीला कळत होता. बाजूने एक ट्रक गेला, तेव्हा त्याचं चाक खिडकीच्याही वर आलं. मुलाने डोळे मिटून घेतले.

“हळू, आई! हळू!”

“अजून हळू गेले तर मागचे शिव्या देतील.”

त्याने डोळे उघडून काट्याकडे पाहिलं. काटा चाळीसवरही पोचला नव्हता. सगळी गाडीवाली मंडळी त्यांना ओलांडून पुढे चालली होती. तरीही त्याने दाराचा पट्टा सोडला नाही.

रस्ता उताराला लागला. दोन्ही बाजूंना घरं, घरांपुढे ओळीने उभ्या गाड्या. तो मनातल्या मनात शब्द जुळवू लागला. फेरी झाली, आई. आता दिलेला शब्द पाळ.

तेवढ्यात दोन गाड्यांच्या फटीतून तीनचाकी सायकलवर एक लहानगी थेट समोर आली.

आईचा पाय खाली गेला. सीटबेल्ट छातीत रुतला. आणि गाडी होती तिथेच खिळली, जणू कधी हललीच नव्हती.

सायकल बंपरपासून हातभर लांब होती. मुलीने मान वर करून त्यांच्याकडे रागाने पाहिलं, घंटी वाजवली आणि पुढे निघाली. तिच्यामागे तिचे आजोबा धावत आले, एका पायात चप्पल नाही. त्यांनी तिला सायकलसकट उचललं आणि ते फाटकाआड गेले.

स्वतःच्या जाड पत्र्याच्या गाडीला या उतारावर थांबायला किती रस्ता लागला असता, याचा हिशेब त्याच्या डोक्यात सवयीने सुरू झाला. आकड्यांत ते हातभर अंतर कधीच ओलांडलं गेलं, तसा त्याने तो अर्ध्यातच सोडला.

मग त्याने आईकडे पाहिलं. तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. वादळवाऱ्यात, संपात, दंगलीत बस नेणाऱ्या आपल्या आईला घाबरलेलं त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

“आई? अगं, थांबली ना गाडी. काही झालं नाही.”

“उतारावर ब्रेक दाबला की पाठीमागची सगळी बस अंगावर चालून येतेय असं वाटायचं,” ती समोर बघत म्हणाली. “बसलेली, उभी, लटकलेली माणसं, सगळी. नशीब, कधी काही झालं नाही. पण रोज वाटायचं, आज नाही थांबणार.”

“एवढी वर्षं? आणि आम्हाला बोलली नाहीस?”

“घाबरणाऱ्या बाईच्या हातात बस कोण देतं रे?”

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. आईने डोळे पुसले आणि गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली.

“मग इतकी भीती वाटत होती तर असली पळणारी गाडी कशाला घेतलीस?” तो जवळजवळ रडकुंडीला आला होता.

“येतो तो हेच विचारतो, किती पळते म्हणून,” आई म्हणाली. “मी दुकानात एवढंच विचारलं होतं, सगळ्यात लवकर थांबणारी कुठली?”