स्वच्छ नमुना

"उगवले! योगेंद्र, उगवले बघ!"

सारिका मदतनिसावर ओरडलीच. इन्क्युबेटरचं दार उघडंच टाकून तिने सगळ्यात वरची प्लेट उजेडात धरली. जंतू वाढवायच्या लाल थरावर काळ्या डोळ्यांचे ठिपके ठसठशीत उठून आले होते. साल्मोनेला, पोट बिघडवणारे जंतू! पक्क्या खात्रीच्या चाचण्या अजून व्हायच्या होत्या, पण हे काळे डोळे ती लांबूनही ओळखायची. धुळ्याच्या या प्रयोगशाळेत मटणाचे कितीतरी नमुने तिच्या हाताखालून गेले होते. आज मात्र नमुने घरचे होते.

तिच्या बाळाच्या, नवलच्या जाऊळाचा बोकड कापला आणि दुसऱ्याच सकाळी पोराला ताप, जुलाब. आजीने त्याला रश्शाचं बोट चाटवलं होतं. आता तो खेळत होता, पण सारिकाने घरात सांगून टाकलं होतं, "आता आजीकडे नाही, सोमवारपासून पाळणाघर."

"खदखदा उकयेल व्हता वं माय," सासूबाई, यशोदाबाई, म्हणाल्या होत्या. "मना नातूले मी काय मारसू का?"

खरं तर सारिकाने त्या दिवशी कमी काळजी घेतली नव्हती. सासूबाईंच्या हातून पातेलं ओढून घेऊन मटण तिनेच नळ सोडून तीनतीनदा खळखळून धुतलं होतं. आणि आजारपणाच्या सकाळी तिने तीन नमुने उचलले: उरलेलं कच्चं मटण, उरलेला रस्सा आणि तुलनेला एक स्वच्छ नमुना, म्हणजे नवलच्या दुधाच्या बाटलीचं बूच. ती बाटली ती स्वतः घासायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"आता बोलू दे म्हणावं आईंना!" ती म्हणाली.

योगेंद्र बाकीच्या दोन प्लेटा पालथ्या करून मागची नावं वाचत होता. "ही कच्च्या मटणाची. काळी. ती असणारच. आणि ही रश्शाची, ताई... कोरी आहे. एक ठिपका नाही."

"मग ही?"

"तुमच्या हातातली उलटी करा ना."

तिने उलटी केली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: बाटली.

खळखळणारा नळ. सिंकबाहेर उडणारे शिंतोडे. शेजारच्या जाळीवर वाळत घातलेली बाटली.

फोन लागेपर्यंत तिला दम निघेना.

"आई, पाळणाघर नको! नवल तुमच्याजवळच राहील. आणि आई, त्याच्या बाटल्या खदखदा उकळत टाका. तुमच्या रश्शासारख्या!"